शेवटच्या बदलीचा प्रश्न

गेल्या पौषात आमच्या वसाहतीतील महाराष्ट्र मंडळाची मासिक बैठक भरली होती. हिशेब मंजूर झाला, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा वाद नेहमीप्रमाणे पुढील बैठकीवर ढकलला गेला, आणि चहा येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात एका सभासदाने वृत्तपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून दाखविली. अमेरिकेतील कित्येक राज्यांत मृतदेह पुरण्याऐवजी किंवा जाळण्याऐवजी त्याची माती करण्यास आता कायद्याने मुभा आहे, अशी ती बातमी. क्षणभर शांतता पसरली. मग मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "म्हणजे माणसाचे शेणखतच की हो!" सभा खळखळून हसली. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

मला हसू आले नाही. वयाने आणि हुद्द्याने मी त्या सभेत धाकटा. म्हणून त्या वेळी गप्प राहिलो. परंतु त्या हसण्यात जो विचार गृहीत धरला होता तो मला पटलेला नाही, आणि ज्यांच्यासाठी हे मासिक निघते त्या, स्वप्रांतापासून दूर चाकरी करणाऱ्या मराठी माणसांनी तरी तो तपासून पाहावा असे मला वाटते. जे सभेत बोलता आले नाही ते येथे लिहीत आहे. ज्येष्ठांनी लहान तोंडी मोठा घास म्हणून क्षमा करावी. मात्र उत्तर द्यायचे असेल तर ते युक्तिवादाने द्यावे, हशाने नव्हे.

प्रथम वस्तुस्थिती. पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरांनी २१ मे २०१९ रोजी या विधेयकावर सही केली आणि १ मे २०२० पासून तो कायदा अमलात आला. कायद्याने या पद्धतीला 'नॅचरल ऑर्गॅनिक रिडक्शन' असे कोरडे नाव दिले आहे. तिची मूळ कल्पना कॅट्रिना स्पेड या बाईंची. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनी असताना त्यांनी या विषयावर प्रबंध लिहिला. तिकडचे शेतकरी मेलेली गुरे लाकडाच्या ढलप्यांच्या ढिगात ठेवून त्यांची माती करतात, हे कळल्यावर त्यांच्या मनात आले की, जे गुराच्या बाबतीत साधते ते माणसाच्या बाबतीत, योग्य त्या आदराने, का साधू नये? पुढे वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ लिन कार्पेंटर-बॉग्ज यांच्या देखरेखीखाली, मृत्यूपूर्वी संमती देऊन ठेवलेल्या सहा व्यक्तींच्या देहांवर २०१८ साली प्रयोग झाला. तो यशस्वी झाल्यावर कायदा आला, आणि स्पेडबाईंच्या 'रिकंपोज' या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये सिअ‍ॅटलजवळ प्रत्यक्ष काम सुरू केले. कोलोरॅडो आणि ऑरेगन यांनी २०२१ मध्ये तसेच कायदे केले. व्हरमाँट, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क यांनी २०२२ मध्ये. त्यानंतरही आणखी राज्यांची भर पडत गेली आहे.

रीत अशी. पोलादी कोठीत लाकडाच्या ढलप्या, गव्हाचे काड आणि लसूणघास यांची शय्या करतात. तिच्यावर देह ठेवून त्याच साहित्याने तो झाकतात. कोठीतून हवा खेळती ठेवतात, आणि बाहेर जाणारी हवा गाळून सोडतात. बाकीचे काम सूक्ष्म जंतू करतात. त्यांच्या क्रियेने कोठीतील उष्णता आपोआप चढते. ती सलग ७२ तास किमान ५५ अंश सेल्सियस राहिली पाहिजे असा दंडक आहे, कारण तेवढ्या उष्णतेत रोगजंतू टिकत नाहीत. पाच ते सात आठवड्यांनी कोठी उघडतात. शरीरात बसविलेले धातूचे भाग वेगळे काढतात, उरलेली हाडे यंत्राने बारीक करून मातीत मिसळतात, आणि ती माती आणखी काही आठवडे मुरू देतात. शेवटी सुमारे एक घनयार्ड, म्हणजे पाऊण घनमीटर, काळी भुसभुशीत माती हाती येते. नातलग ती आपल्या बागेसाठी नेतात, किंवा नको असेल तर राखीव वनाला देतात. ज्या रोगांचे कारण त्या उष्णतेतही नष्ट होत नाही अशा रोगाने मेलेल्याचा देह मात्र घेत नाहीत.

यात हसण्यासारखे काय आहे? हाडे दळण्याचे ऐकून काही सभासदांनी तोंडे वाकडी केली. परंतु अमेरिकेत दहनानंतरही हाडांची यंत्राने पूडच करतात. 'रक्षा' म्हणून घरच्यांच्या हाती देतात ती हीच पूड. आपल्याकडेही तिसऱ्या दिवशी सावडायला जाऊन आपण जे वेचतो ती फुले नसतात, हे प्रत्येकाला ठाऊक असते. मृत्यूनंतर देहाचे जे होते ते कोणत्याही रीतीत डोळ्यांना सुखावह नसते. तेव्हा किळस ही गोष्ट बाजूला ठेवू, आणि खऱ्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की, देहाचे खत करणे हा देहाचा अपमान आहे. हा आक्षेप केवळ आपलाच नव्हे. न्यूयॉर्कमध्ये हा कायदा येऊ घातला तेव्हा तेथील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनीही हेच म्हटले: भाजीच्या देठासालींना जी रीत शोभते ती मनुष्यदेहाला शोभेलच असे नाही. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण आपण मराठी माणसांनी हा आक्षेप घेण्यापूर्वी आपल्या भाषेला एकवार विचारावे. साताऱ्याच्या दुष्काळी टापूत, माण तालुक्यात, माझे घराणे आहे. तेथे कोणी वारले तर माणसे 'अंत्ययात्रेला' जात नाहीत, 'मातीला' जातात. चितेवर जाळलेल्या माणसाच्या बाबतीतही 'माती झाली' असेच म्हणतात. एखाद्या गोष्टीचा कायमचा निरोप घ्यायचा तर आपण तिला 'मूठमाती' देतो. जाळणारा समाज आणि शब्द मात्र सारे मातीचे! ज्या भाषेला मृत्यू आणि माती ही एकच गोष्ट वाटली, त्या भाषेच्या लेकरांनी देहाची माती होण्याला हसावे याचे मला आश्चर्य वाटते. आपल्याला मातीची लाज वाटत नाही. लाज वाटते ती 'खत' या शब्दाची. आणि ती का वाटते? शेत सोडून कचेरीत आल्याला आपल्याला दोन पिढ्या झाल्या म्हणून. शेतकऱ्याच्या घरात खत हा शब्द शिवी नाही. तेथे ती लक्ष्मी आहे.

दुसरा आक्षेप धर्माचा. हिंदूंना अग्निसंस्कारच विहित आहे, असे छातीठोकपणे सांगितले जाते. ज्यांची श्रद्धा अग्नीवर आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा; कोणाच्या चितेवर पाणी ओतण्याची माझी इच्छा नाही. पण 'अग्नीशिवाय दुसरे काही आपले नव्हेच' हे विधान खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे सांगणे माझे काम आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मृताला मायेने कुशीत घेण्याची पृथ्वीची प्रार्थना करणारे सूक्त आहे. अथर्ववेदाच्या अठराव्या कांडात पितरांना बोलावताना जाळलेल्यांबरोबर पुरलेल्यांचाही उल्लेख येतो. आपले लिंगायत बांधव मृताला ध्यानस्थ बसवून भूमीत ठेवतात. संन्याशाला अग्नी नाही; त्याला समाधी. दात न आलेले मूल आपण जाळत नाही. मातीच्या स्वाधीन करतो. आणि याहून मागे जायचे तर पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे जे उत्खनन केले त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उघडी झाली. ते लोक आपली मेलेली बालके दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच ठेवीत. महाराष्ट्राच्या त्या आद्य शेतकऱ्यांना आपले मृत घरापासून दूर नेणे नको वाटत होते. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहिण्यात मला संकोच वाटत नाही.

शिवाय रूढी बदलत नाही असेही नाही. विद्युत्दाहिनी आली तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झाली होती. आपल्या देहाला विद्युत्दाहिनीतच अग्नी द्यावा असे सावरकरांनी सांगून ठेवले, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईच्या चंदनवाडीत त्याप्रमाणे झाले. आज दाहिनीत मृतदेह देणाऱ्या कुटुंबाकडे कोणी वळूनही पाहत नाही. पंडित नेहरूंनी १९५४ साली केलेल्या इच्छापत्रात आपल्या रक्षेचा थोडासा अंश प्रयागला गंगेत सोडण्यास सांगितले. मोठा भाग मात्र विमानातून, जेथे भारतातील शेतकरी राबतो त्या शेतांवर विखरून टाकावा, म्हणजे तो या देशाच्या मातीत मिसळून जाईल, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. सावरकर आणि नेहरू यांचे दुसऱ्या कशावर फारसे एकमत झाले नसेल. परंतु आपल्या देहाचे काय करायचे हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, हे दोघांनीही मानले. मला तेवढेच म्हणायचे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो सनातन्यांचा नसून व्यवहारी लोकांचा आहे. हे अमेरिकन श्रीमंतांचे थेर आहे, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. रिकंपोज एका देहासाठी सुमारे सात हजार डॉलर घेते. ही रक्कम वाचून माझ्यासारख्या कारकुनाला मरणेही परवडणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिकडे या रीतीची तुलना होते ती तेथील प्रचलित दफनाशी. त्या दफनात देहात फॉर्मॅल्डिहाइडसारखी रसायने भरतात, देह धातूच्या किंवा मौल्यवान लाकडाच्या पेटीत ठेवतात, आणि ती पेटी काँक्रीटच्या कुंडात उतरवितात. हे पाप आपण कधी केलेले नाही. त्यामुळे 'एका देहामागे एक टन कार्बन वाचतो' हा तिकडचा हिशेब जसाच्या तसा उचलून येथे फडकविणे हा अप्रामाणिकपणा होईल. आमच्या काही सुधारक मित्रांना तिकडची प्रत्येक वस्तू तिच्या किमतीच्या चिठ्ठीसह आयात करण्याची घाई असते. त्यांच्या पंगतीला मी बसत नाही.

आपला हिशेब आपणच मांडला पाहिजे. लाकडाच्या चितेला तीन-चारशे किलो लाकूड सहज लागते. ते कोठून तरी तोडून आणलेले असते, आणि त्याचा धूर शेजारच्या वस्तीत जातो. ती वस्ती बहुधा गरिबांची असते. देहातील कार्बन आणि नत्र त्या धुराबरोबर निघून जातात; मागे उरते ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची आणि क्षारांची राख. म्हणूनच रक्षा झाडाच्या मुळाशी ढिगाने घातली तर झाड पोसत नाही, क्षाराने उलट पिडते. देहाची माती होते तेव्हा मात्र कार्बन आणि नत्र यांचा बराच अंश जमिनीला परत मिळतो. एवढा गुण मान्य करावा लागेल.

पण दुसऱ्या बाजूचे आकडेही मांडू. गॅसची दाहिनी एक देह दीड-दोन तासांत मोकळा करते. ज्या स्मशानात रोज दहा देह येतात तेथे प्रत्येक देह चाळीस दिवस कोठीत ठेवायचा म्हटले तर चारशे कोठ्या लागतील. मुंबईसारख्या शहरात तेवढी जागा कोण देणार? तेव्हा ही रीत चितेची किंवा दाहिनीची जागा घेईल असे मी म्हणत नाही. ज्याला हवी त्याला ती मिळावी. आणि ज्याला कोठीही नको, केवळ साध्या वस्त्रात गुंडाळून पेटीविना झाडाखाली मातीत जायचे आहे, त्यालाही ते करता यावे, एवढेच मी म्हणतो. या दुसऱ्या मार्गाला सात हजार डॉलर लागत नाहीत. मुसलमान बांधव आणि आपले लिंगायत तो शतकानुशतके चालत आले आहेत.

येथपर्यंत मी तर्काने लिहिले. आता मला हसू का आले नाही ते सांगतो.

माझे वडील सहा वर्षे माझ्याजवळ दिल्लीत राहिले. आयुष्यभर कोरडवाहू शेतीत राबलेला तो माणूस सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत प्रथम फार कोंडून गेला. तळमजल्याच्या मागे चटईएवढी मोकळी जमीन होती. विटांचे तुकडे आणि प्लास्टिक यांनी भरलेली. तात्यांनी ती साफ केली, कोपऱ्यात हातभर खोल खड्डा खणला, आणि घरातील भाजीचे देठ, केळीच्या साली, चहाचा चोथा त्यात टाकायला सुरुवात केली. समोरच्या नीमवृक्षाची सुकी पाने ते रोज झाडून आणीत आणि थरावर थर देत. "ओल्याला सुकं लागतं, नाहीतर वास मारतंय," असे ते म्हणत. लाकडाच्या ढलप्यांतील कार्बन आणि देहातील नत्र यांचे प्रमाण राखण्याविषयी अमेरिकेतील शास्त्रज्ञ जे सांगतात ते याहून निराळे नाही. वर्षभरात त्या उकिरड्याची काळी माती झाली. मग कढीपत्ता आला, अळू आले, गवती चहा आला. शेजारच्या बिहारी आणि मल्याळी बिऱ्हाडांची मुले कढीपत्ता मागायला येत. माझ्या पाठीमागे माझ्यापेक्षा त्यांनाच वसाहतीत अधिक लोक ओळखीत.

२०२१ च्या एप्रिलच्या अखेरीस तात्या गेले. ते दिवस कसे होते ते दिल्लीत राहिलेल्यांना सांगायला नको. स्मशाने अपुरी पडली होती. शेजारच्या बागेत नवे चौथरे बांधले जात होते. लाकडाची टंचाई होती. मी चिठ्ठीवरचा क्रमांक हातात धरून सात तास उभा होतो. खांदा द्यायला चार माणसे नव्हती. जे लाकूड मिळाले ते ओले होते. त्या संध्याकाळबद्दल याहून अधिक लिहिणार नाही.

रक्षेचा कलश पुढे नऊ महिने क्वार्टरच्या माळ्यावर होता. गाड्या सुरळीत झाल्या, रजा मंजूर झाली, तेव्हा थोरल्यांच्या आज्ञेप्रमाणे मी तो नाशिकला नेला आणि रामकुंडात विसर्जन केले. सर्व विधी यथासांग झाला. परतीच्या गाडीत मनमाड गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, ज्या मातीला तात्यांनी सहा वर्षे हाताने घडविले, तिला मी चिमूटभरही रक्षा दिली नाही. हा विचार मला आधी सुचला नाही, कोणी सुचविलाही नाही. तात्यांच्या आयुष्यात नाशिकला ते दोनदा गेले असतील. दिल्लीच्या त्या कोपऱ्यात ते रोज बसत. पुढे बढतीबरोबर मला दुसरे क्वार्टर मिळाले. माझ्यामागून आलेल्या गृहस्थांनी मोटार उभी करण्यासाठी ती जमीन सिमेंटने पक्की केली. त्यांचा दोष नाही. तेथे काही होते हे त्यांना सांगायला मी गेलो नाही.

म्हणून, वाचकहो, मला त्या सभेत हसू आले नाही. आणि म्हणूनच माझा खरा वाद अमेरिकेशी नाही, सनातन्यांशीही नाही; तो आपल्याशी आहे.

आपण परप्रांतांत नोकरी करणारे मराठी लोक जेथे राहतो तेथे बिऱ्हाडकरूसारखे राहतो. तीस-तीस वर्षे एखाद्या गावचे पाणी पितो, तेथल्या हवेवर मुले वाढवितो, आणि बोलताना मात्र 'आपल्याकडे' आणि 'इकडे' असे दोन देश करतो. इकडचे आंबे बेचव, इकडची माणसे अघळपघळ, इकडचे नाटक बेताचे! आपले मंडळ, आपला गणपती, आपले हळदीकुंकू; त्या वर्तुळाबाहेर आपण गावाला काय दिले याचा हिशेब कोणी मागत नाही म्हणून आपण देत नाही. आणि मेल्यावर? मेल्यावर आपली राखसुद्धा आपण त्या गावाजवळ ठेवीत नाही. ती तांब्यात भरून, तोंडाला फडके बांधून, गाडीने 'आपल्याकडे' पाठवितो. जणू काही आपल्या देहाचे सारे अन्नपाणी नाशिकहूनच येत होते! ज्या मातीने तीस वर्षे पोसले तिला देहातले काहीच परत न देता निघून जाणे, याला माझ्या गावी एक साधा शब्द आहे: देणे बुडविणे.

स्वप्रांताची ओढ खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती मलाही आहे. माणच्या माळरानावर पहिला पाऊस पडल्याचे कळले की माझे कामात लक्ष लागत नाही. पण ओढ वेगळी आणि ऋण वेगळे. ओढ मनाची असते. ऋण देहाचे असते, आणि ते जेथे घेतले तेथेच फेडायचे असते. आमच्याकडच्या अनेक गावांत आता रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन तीत टाकतात आणि वर झाड लावतात. खेड्यातील माणसाने ही सुधारणा परिषदा न भरविता केली. आपण शहाणे मात्र अजून बातमी वाचून हसतो आहोत.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, कायद्याची. दफन, दहन आणि त्यांच्या भूमी हा विषय आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील दहाव्या क्रमांकाचा आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. कोणतेही राज्य या बाबतीत पाऊल टाकू शकते. एखाद्या कृषी विद्यापीठाने, संमती देऊन ठेवलेल्या व्यक्तींच्या देहांवर, येथील हवामानात, येथे मिळणाऱ्या काडाने आणि भुशाने हा प्रयोग करून पाहावा. मृदाशास्त्र आपल्याकडे आहे. भुसा आणि काड तर रानोमाळ जाळले जाते. खर्च किती येतो तो मग कळेल.

दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही महत्त्वाची. संमतीवाचून एकाही देहाला हात लागू नये. असा कायदा झाला की सोयीसाठी प्रथम बेवारशांचे आणि निराधारांचे देह या कामी लावले जातील, अशी मला भीती वाटते. ती निराधार नाही. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय केली. स्वेच्छेने देहदान करणारे पुढे आले ते सावकाश. ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही त्याला मेल्यावरही न विचारणे, ही कसली सुधारणा? त्याचबरोबर त्या मातीची विक्री होऊ नये, आणि या भूमीच्या दारावर जात लिहिली जाऊ नये. आजही कित्येक गावांत जातवार स्मशाने आहेत. मेल्यावरही शेजार नाकारला जातो. माती झालेल्या देहाची जात कोणाला ओळखता येणार नाही, हा या रीतीचा एक मोठा गुण मी मानतो, आणि काहींना ती नकोशी वाटण्याचे न बोललेले कारणही कदाचित हेच असेल.

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे आणि तिला कायदा लागत नाही. प्रत्येकाने आपल्या देहाचे काय करावे हे हयातीतच एका कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्यावे. वारसनोंदीचा नमुना आपण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात भरतो. भविष्यनिर्वाह निधी कोणाला मिळावा हे आपल्याला ठाऊक असते, देह कोणाला मिळावा हे मात्र आपण मुलांवर सोडतो. ती बिचारी मग ऐन दुःखात थोरल्यांच्या तोंडाकडे पाहतात आणि जे सर्व करतात ते करतात. माझेही तसेच झाले. आणि ज्यांना अग्नीच हवा आहे त्यांनी निदान एवढे लिहावे की, रक्षेतील एक मूठ, पुष्कळशा मातीत मिसळून, ज्या गावी चाकरी केली त्या गावच्या एखाद्या झाडाला द्यावी.

आपल्या प्रत्येकाच्या सेवापुस्तिकेत 'स्वग्राम' नावाची एक नोंद असते. सुटीतील प्रवास-सवलत त्या गावापुरती मिळते, म्हणून ती आपण फार काळजीने भरतो. नियम असा आहे की, एकदा नोंदविलेले स्वग्राम विशेष कारणावाचून बदलता येत नाही, आणि बदलायचेच झाले तर संपूर्ण सेवेत एकदाच. माझ्या सेवापुस्तिकेत माण तालुक्यातील आमचे गाव लिहिलेले आहे आणि ते तसेच राहील. सवलतीवर पाणी सोडण्याइतका मी विरक्त नाही. पण एका निराळ्या कागदावर मी दुसरी नोंद करून ठेवली आहे. माझी माती करण्याची सोय या देशात तोवर झाली तर ती करावी. न झाली तर जो अग्नी मिळेल तो द्यावा. आणि जे उरेल ते, मी ज्या गावी असेन त्या गावातच ठेवावे, मग ते दिल्ली असो, शिलाँग असो की कोचीन. पत्नीने तो कागद वाचला, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि खाली आपले नाव लिहून मला परत दिला.

मंडळाच्या पुढील बैठकीत गणेशोत्सवाच्या वर्गणीचा विषय आहेच. तो संपल्यावर, चहा येण्यापूर्वी, मी हा कागद वाचून दाखविणार आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी हसावे. त्यानंतर मात्र त्यांचा कागद कोठे आहे, हे मी विचारीन.